बोलेरो मॅक्स की योद्धा? आधी भाच्याचा पगार धरा

नमस्कार. तुम्ही ऐरोलीत राहता आणि तुर्भ्याच्या एपीएमसीतून (घाऊक बाजारातून) ठाण्यातल्या हॉटेलांना कांदा-बटाटा, भाजी पुरवता. रोज साधारण १,१०० किलो माल, एक फेरी, महिन्याचे २६ दिवस. भाड्याच्या टेम्पोला रोजचे १,८०० रुपये जातात. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.० तुम्हाला ऑन-रोड ११.६० लाखांना मिळते आहे, टाटा योद्धा २.० मिळते आहे १०.९० लाखांना. कर्ज ८ लाख, बाकीची रक्कम ४ लाखांची एफडी मोडून, आणि गाडी भाचा बिनपगारी चालवणार.

भाच्यापासूनच सुरुवात करतो, कारण निर्णय तिथे फिरतो.

टेम्पोवर तुमचे महिन्याला ४६,८०० रुपये जातात. स्वतःच्या गाडीचा हिशेब असा. बँकेचा १०.५ टक्क्यांचा, पाच वर्षांचा हप्ता १७,२००. रोज ६० किलोमीटर, लिटरला ११ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये दर धरला तर डिझेल १२,८००. विमा, कर आणि पासिंग मिळून महिन्याला ४,००० बाजूला ठेवावे लागतील. सर्व्हिसिंग आणि टायरला ३,५००, रात्रीच्या पार्किंगला २,०००. झाले ३९,५००. म्हणजे ७,३०० वाचतात, असं तुम्हाला वाटतं. पण भाचा पहाटे तीनला उठून मार्केटला जाणार, कॅरेट चढवणार-उतरवणार, दुपारी बाराला घरी येणार. हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर १८,००० द्यावे लागतील. ते धरले की खर्च ५७,५०० होतो आणि गाडी महिन्याला १०,७०० रुपयांनी टेम्पोपेक्षा महाग पडते. भाच्याचं लग्न झालं किंवा त्याला नोकरी लागली की हा आकडा खरा होणारच आहे.

पाच वर्षांनी गाडी विकून पैसे येतील, हे खरं. पण ते साधारण तुमच्या डाऊन पेमेंटएवढे धरा. त्याने महिन्याचा तोटा भरून निघत नाही.

भरून निघतो तो दुपारी दुसऱ्याचा माल भाड्याने वाहण्याच्या फेऱ्यांनी. एका भाड्यातून डिझेल वजा जाता १,३०० हाती राहिले, तर महिन्याला नऊ फेऱ्या लागतात. त्या मिळतील का, हे गाडी घेण्याआधी शोधा. आणि दुसऱ्याचा माल भाड्याने वाहणार असाल तर विम्याच्या पॉलिसीत तसं स्पष्ट लिहून घ्या. फक्त स्वतःच्या मालाची पॉलिसी असेल आणि अपघात भाड्याच्या फेरीत झाला, तर क्लेम अडकतो.

आता गाड्या. योद्धात २.२ लिटरचं इंजिन आहे, १०० एचपी आणि २५० एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद). मॅक्समध्ये २.५ लिटर, साधारण ८० एचपी आणि २२० एनएम. चढाला योद्धा सरस, पण तुर्भे ते ठाणे रस्त्यावर तुम्हाला घाट कुठे लागतो? तुमच्या कामाला हौदा, म्हणजे माल भरायची मागची जागा, महत्त्वाची. मॅक्स एचडीचा हौदा ३,०५० मिमी लांब आहे. ६० बाय ४० सेंमीचे कॅरेट लांबीला पाच बसतात आणि फाळका नीट लागतो. कोथिंबीर-पालकाच्या दिवशी वजनाआधी जागाच संपते. योद्धाच्या शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि हौद्याची आतली मोजमापं घ्या. पाचवा कॅरेट अर्धवट राहिला तर रोज एक रांग कमी जाईल. जुन्या बाजारात महिंद्राच्या पिकअपला गिऱ्हाईक लवकर मिळतं, म्हणून दोघींतलीच घ्यायची तर ७० हजार जास्त देऊन मॅक्स घ्या. तरी कळंबोलीत किंवा भिवंडीत दोन-तीन दलालांना पाच वर्षं जुन्या दोन्हींचा भाव विचाराच.

पण तुमचा माल १,१०० किलो आहे आणि या दोन्ही गाड्या दोन टनी आहेत. मॅक्समध्येच १.३ टनाचं सिटी मॉडेल आहे. ते घेतलं आणि कर्ज ६ लाखांवर आलं, तर हप्ता १२,९०० होतो आणि नऊऐवजी पाच फेऱ्यांत हिशेब जुळतो. गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परमिटही लागत नाही, म्हणून कोटेशनवर तो आकडा पाहा. फक्त कांद्याच्या दिवशी १.३ टनांच्या गाडीत दोन टन भरू नका. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली दंडच २०,००० पासून सुरू होतो.

जीएसटी परत मिळतो आणि ३० टक्के घसारा (गाडीच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट) मिळतो, या डीलरने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तुमच्या बाबतीत चुकीच्या आहेत. जीएसटी परत मिळणार नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, म्हणून गाडीवर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही, तो खर्चच. आणि ३० टक्के घसारा भाड्याने चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना असतो, स्वतःच्या मालासाठी १५ टक्के. तुम्ही ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून, रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा दाखवताच येत नाही.

डीलर देतोय ते '७ टक्के' कर्जही नीट बघा. तो फ्लॅट रेट आहे, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं. ८ लाखांवर पाच वर्षांचं व्याज २.८० लाख, हप्ता १८,०००. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेबारा टक्के होतो. बँकेपेक्षा महिन्याला ८०५ रुपये जास्त, पाच वर्षांत ४८,३००. दोन गाड्यांच्या किमतीतला बराचसा फरक इथेच जातो.

एफडीची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. हॉटेलवाले महिन्याने पैसे देतात, अडत्याला मात्र आठवड्यात द्यावे लागतात. मॅक्स एचडी घेतली तर एफडीतले फक्त ४० हजार उरतील. एका हॉटेलने बिल थकवलं की अडत्याकडची पत जाते, आणि ती गेली तर गाडी असूनही तिच्यात भरायला माल नाही. एफडी मोडू नका. फार तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घ्या आणि निम्म्याहून जास्त उचलू नका.

पुढचे तीन महिने टेम्पोच ठेवा. रोजचं वजन, कॅरेटची संख्या, परतीची वेळ आणि दुपारच्या फेरीबद्दल आलेली विचारणा वहीत लिहा. भाच्याला १८,००० पगार आताच सुरू करा आणि टेम्पोसोबत मार्केटला पाठवा. त्याच्याकडे साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स असेल तर नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या वजनाच्या गाडीसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही. तीन महिन्यांत महिन्याला पाच फेऱ्यांची खात्री झाली तर १.३ टनी घ्या, बँकेच्या कर्जावर. नऊ झाल्या आणि रोजचा माल दीड टनाच्या वर गेला, तर मॅक्स एचडी.