कर्जदाराच्या चेहऱ्यावरून खरेखोटे ओळखता येते का?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो. जामीनदाराचा किंवा थकलेल्या हप्त्याचा विषय निघाला की काही अर्जदारांचे ओठ क्षणभर आवळले जातात आणि नजर खाली जाते. अशा सूक्ष्म हावभावांवरून खोटे पकडता येते, असे सांगणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्यावर विसंबावे का?
– एक वाचक

उत्तर : विसंबू नये, पण पाहणे सोडूही नये. दाबलेली भावना चेहऱ्यावर अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उमटून जाऊ शकते, हे हॅगार्ड आणि आयझॅक्स या संशोधकांनी १९६६ मध्ये मानसोपचाराच्या चित्रफिती संथ गतीने पाहून नोंदवले आणि पुढे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी हा विषय जगभर पोहोचवला. मात्र भीती दिसली म्हणजे ती खोटे उघडे पडण्याचीच आहे, असे होत नाही. खरे बोलूनही आपल्यावर विश्वास बसणार नाही, या धास्तीने माणूस तसाच दिसतो. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खरेखोटे ओळखण्यात लोक सरासरी सुमारे ५४ टक्के वेळाच बरोबर ठरल्याचे दिसले, म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा जेमतेम सरस. नजर खाली जाणे तर फारच कच्चा पुरावा आहे, कारण आपल्याकडे साहेबांसमोर नजर झुकवणे ही पुष्कळांना आदब वाटते.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्यापुढे कन्नडमधला जमिनीचा उतारा ठेवून त्यातल्या नोंदीविषयी विचारले की त्याच्या भुवया जवळ येतात, तो सोबत आलेल्या मुलाकडे पाहतो आणि उत्तराला उशीर लावतो. बाहेरून हे टाळाटाळीसारखे दिसते आणि मला याचेच अधिक वाईट वाटते, कारण न समजल्याची लाज त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवून जाते. तोच प्रश्न मराठीत, सावकाश विचारून पाहावा. कपाळावरची आठी गेली, तर अडचण भाषेची असण्याचीच शक्यता अधिक. कन्नड बोलणाऱ्या अर्जदाराला मराठीत प्रश्न केला जातो, तेव्हाही हेच घडते.

आधी भाताचे पीक, पाऊसपाणी असे साधे बोलणे काढून त्या माणसाचा नेहमीचा चेहरा पाहून घ्यावा. नंतर नेमक्या कोणत्या प्रश्नाला तो बदलला, हे टिपून, “जामीनदाराबाबत काही अडचण आहे का?” असे मोकळेपणाने विचारावे. कदाचित भावाशी अबोला असेल आणि त्याच्याकडे सहीसाठी जाणे जिवावर आले असेल. कर्जाचा निर्णय मात्र कागदपत्रे, उत्पन्न आणि परतफेडीची क्षमता पाहूनच घ्यावा. अर्जावर “चेहरा संशयास्पद वाटला” असा शेरा कधीही मारू नये, कारण त्याचे खंडन करण्याचा कोणताही मार्ग अर्जदारापाशी नसतो.