वाचक विचारतात : आसियानच्या मानवी हक्क जाहीरनाम्याला हक्क संघटनांचाच विरोध का?

प्रश्न : आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तर त्याला सर्वांत जास्त विरोध हक्क संघटनांनीच केला. काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं, असं नाही का?

सुरुवात शून्यापासून असती तर बरं म्हणता आलं असतं. पण १८ नोव्हेंबर २०१२ रोजी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हच्या शिखर परिषदेत हा ४० कलमी जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा आसियानचे दहाही देश महिला आणि बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारांनी आधीच बांधलेले होते. दहापैकी सहांनी नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही स्वीकारला होता. ब्रुनेई, मलेशिया, सिंगापूर आणि म्यानमारने नव्हता. त्याहून खालच्या पातळीचा प्रादेशिक दस्तऐवज आला की सरकारांना बोट दाखवायला सोयीची पळवाट मिळते. म्हणून साठाहून अधिक संघटनांनी मंजुरीच्या तोंडावर ‘सध्या थांबवा’ अशी मागणी केली. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्लै यांनीही घाई करू नका, असं सांगितलं होतं. मंजुरीनंतर अनेक संघटनांनी हा जाहीरनामा आधार म्हणून वापरायचाच नाही, असं ठरवलं.

प्रश्न : नेमकी कोणती कलमं खटकतात? वरवर वाचलं तर यादी भरगच्च दिसते.

यादी भरगच्च आहेच. गोम ६ ते ८ या कलमांत आहे आणि ती ‘सर्वसाधारण तत्त्वे’ असल्यामुळे पुढच्या प्रत्येक हक्काला लागू होतात.

कलम ६ हक्कांचा कर्तव्यांशी ‘समतोल’ साधायला सांगतं. समाजाप्रति कर्तव्यं संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातही आहेत (कलम २९), पण कर्तव्य तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकून हक्क तोलावा, असं तिथे म्हटलेलं नाही.

कलम ७ बारकाईनं वाचावं. हक्क सार्वत्रिक आणि अविभाज्य आहेत, असं म्हणून ते लगेच पुढे सांगतं की त्यांची अंमलबजावणी प्रादेशिक आणि राष्ट्रीय संदर्भात, राजकीय, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक पार्श्वभूमी लक्षात घेऊन व्हावी. १९९३ च्या जागतिक मानवी हक्क परिषदेतल्या व्हिएन्ना जाहीरनाम्यातही अशा वैशिष्ट्यांचा उल्लेख आहे. मात्र तिथे वाक्याचा शेवट असा, की राज्यव्यवस्था आणि संस्कृती कोणतीही असो, सर्व हक्कांचं संरक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. आसियानने या वाक्यातला सवलतीचा भाग ठेवला आणि कर्तव्याचा गाळला. असा बदल नजरचुकीनं होत नसतो.

कलम ८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, सुरक्षितता, नीतिमत्ता आणि लोककल्याण या कारणांसाठी कायद्याने मर्यादा घालता येतात. वैश्विक जाहीरनाम्याच्या कलम २९ मध्येही मर्यादांचं सर्वसाधारण कलम आहे, हा सरकारी बाजूचा मुद्दा खरा आहे. पण १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराने ही बाब हक्कागणिक घट्ट केली. सभेवर किंवा अभिव्यक्तीवर बंधन घालायचं तर ते आवश्यक आहे, हे सरकारने दाखवायचं. छळ आणि गुलामगिरीला तर कोणतीच सबब चालत नाही. आसियानच्या मसुद्यात असा भेद नाही. छळबंदीचं कलम १४ सुद्धा शब्दशः पाहता कलम ८ च्या छत्राखालीच येतं.

याशिवाय जागोजागी ‘कायद्यानुसार’ची पाचर आहे. जीविताच्या हक्कातही (कलम ११) कायद्यानुसार जीव घेण्याला वाट आहे. तो कायदा कसा असावा, यावर अक्षर नाही. आश्रय मागण्याचा हक्क आणि कामगार संघटना याही देशी कायद्याच्या आधीन. शांततामय सभेचा हक्क आहे, पण संघटना स्थापण्याचा सर्वसाधारण हक्क गायब. आदिवासी समूहांचा नावानं उल्लेख नाही.

प्रश्न : मसुदा ठरवताना लोकांना विचारलं नव्हतं का?

विचारलं, पण उशिरा आणि मसुदा न दाखवता. मसुद्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं; संघटनांशी प्रादेशिक पातळीवर सल्लामसलत झाली ती २०१२ च्या जूनमध्ये क्वालालंपूरला आणि सप्टेंबरमध्ये मनिलात. अधिकृत मसुदा जाहीर नसल्यामुळे संघटना फुटलेल्या प्रतींवर सूचना देत होत्या. कोणत्या शब्दावर कोणता देश अडून बसला, हे कळायला मार्ग नव्हता. निर्णय सर्वसहमतीने, म्हणजे एका देशाची नापसंतीही मजकूर खाली खेचायला पुरेशी.

प्रश्न : या जाहीरनाम्याच्या आधारे तक्रार करता येते का?

जाहीरनामा बंधनकारक नाही आणि त्यासाठी न्यायालयही नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आसियानच्या आंतरसरकारी मानवी हक्क आयोगाला वैयक्तिक तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार कार्यकक्षेत दिलेला नाही; सदस्य नेमणाऱ्या सरकारलाच उत्तरदायी असतात. फिलिपिन्समधल्या मागिंदानाओ हत्याकांडात (नोव्हेंबर २००९) ५८ जण मारले गेले, त्यांत ३२ माध्यमकर्मी. नातेवाइकांनी २०१० मध्ये आयोगाचं दार ठोठावलं, पण तक्रार दाखल करून घेतली गेली नाही.

चालणारे मार्ग संयुक्त राष्ट्रांकडे आहेत. फिलिपिन्सने नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा तक्रारविषयक पूरक करार, म्हणजे व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार, स्वीकारला आहे. महिलांच्या कराराचा पूरक करार थायलंड, फिलिपिन्स आणि कंबोडियाने. या पूरक करारांखाली तक्रार करण्याआधी देशातले न्यायालयीन उपाय संपवावे लागतात, आणि बहुतेक तक्रारी तिथेच अडकतात. कोर्टाचे आदेश, तारखा आणि अपिलाच्या प्रती जोडलेल्या नसतील तर प्रकरण पुढे सरकत नाही. विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे एकेका विषयावर किंवा देशावर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांना, पत्र लिहायला ही अट नाही. सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यासाठी (संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्क स्थितीची ठरावीक काळाने होणारी तपासणी) एकट्या संघटनेचं निवेदन २,८१५ शब्दांपर्यंत आणि संयुक्त निवेदन ५,६३० शब्दांपर्यंत चालतं. मुदत आढाव्याच्या काही महिने आधीच संपते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

जाहीरनाम्याचा उल्लेख करावाच लागला, तर त्यासोबत मंजूर झालेल्या नॉम पेन्ह निवेदनातला तिसरा परिच्छेद उद्धृत करावा. अंमलबजावणी संयुक्त राष्ट्रांची सनद, वैश्विक जाहीरनामा आणि व्हिएन्ना जाहीरनाम्याला धरून होईल, असं आश्वासन त्यात आहे. हे वाक्य मूळ जाहीरनाम्यात न घालता बाहेरच्या निवेदनात ठेवलं, यावरही टीका झालीच.

प्रश्न : बंधनकारक करार आसियानच्या स्वभावातच नाही, असं म्हणतात. खरं का?

नाही. मानवी तस्करीविरोधी करार त्याच आसियानने नोव्हेंबर २०१५ मध्ये केला आणि मार्च २०१७ मध्ये तो लागू झाला. तो कायदेशीररीत्या बंधनकारक आहे.