आईच्या खोलीसाठी हॉट अँड कोल्ड एसी: एफडी मोडावी का?

प्रश्न: नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. दिवसा कूलर, रात्री दहा वर्षं जुना दीड टनी एसी. दुकानदार म्हणतो, ५२,००० चा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घ्या, बिल निम्मं होईल. थंडीत आईचे गुडघे दुखतात, हीटर लावावा लागतो. एफडी मोडू का?

उत्तर: जुना एसी नीट चालत असेल तर मोडू नका.

आधी मोजा. इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर सबमीटर बसवून घ्या. एप्रिलमध्ये आठवडाभर झोपताना आणि सकाळी उठल्यावर रीडिंग वहीत लिहा, सेटिंग रोज २६ वरच ठेवा. समजा, रात्रीला ९ युनिट निघाले आणि नवा ६ मध्ये भागवतो. ९० रात्रींचे २७० युनिट वाचले. हिवाळ्यात हजार वॉटचा हीटर रोज चार तास, ४५ दिवस चालला तर १८० युनिट जातात. तेवढीच ऊब हीट पंप, म्हणजे कॉम्प्रेसर उलटा चालवून खोली गरम करणारा हॉट अँड कोल्ड एसी, साधारण तिसऱ्या हिश्श्यात देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. म्हणजे आणखी १२० युनिट. दहा रुपये दराने वर्षाची एकूण बचत ३,९००. साडेसहा टक्क्यांनी एफडी त्याच ५२,००० वर ३,३८० व्याज देते आणि मुद्दल शाबूत राहतं. मशीन मात्र दरवर्षी जुनं होतं.

दुकानदाराचं ‘निम्मं’ मला पटत नाही. लेबलवरची थंडाव्याची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. अशा उन्हात कोणताही एसी कमी थंड करतो आणि वीज जास्त खातो. गरम हवेचं उलट आहे. ती चाचणी बाहेर ७ अंश धरून होते आणि आपल्या बहुतेक रात्री त्याहून उबदार असतात. त्यामुळे नागपूरच्या थंडीत हीट पंप उत्तम चालेल.

म्हणून जुन्याचा कॉम्प्रेसर निकामी झाला, की साध्याऐवजी हॉट अँड कोल्डच घ्या. फरक आठेक हजारांचा असेल तर आईसाठी तो जरूर द्या, त्यात परतावा शोधू नका. फक्त गरम हवा कॉम्प्रेसरमधून येते की आतल्या हीटर कॉइलमधून, हे बिल करण्याआधी विचारा. कॉइल असेल तर विजेची काहीच बचत नाही. तोवर या वर्षी जुन्याची सर्व्हिसिंग आणि गच्चीला पांढरा कूल रूफ रंग, एवढा खर्च पगारातून करा.