ईसीजी नॉर्मल, मग पहाटे तीनला धडधड का?

"मॅडम, पहाटे तीनला जाग येते आणि छातीत इंजिन सुरू झाल्यागत धडधडतंय. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही नॉर्मल. मग मला वेड लागलंय का?"

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडत्ये, चाळिशी ओलांडलेले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, नाव घेत नाही, दादा म्हणते. शेजारी वहिनी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. रक्त, थायरॉइड, टूडी इको, सगळं ठीक. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला घेऊन ते माझ्याकडे समुपदेशनाला आले होते.

मीही आधी टेन्शनच्याच वाटेनं गेले. पडलेले भाव, अडकलेली उधारी, मुलीची बारावी. बोलायला भरपूर होतं. दारूचं विचारलं तर "छे, कधीतरी" म्हणाले आणि मी पुढे गेले. आपल्याकडे 'कधीतरी' म्हणजे वर्षातून दोनदा की आठवड्यातून चारदा, हे खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. मी खोदलं नाही. ती चूक माझी.

तिसऱ्या भेटीत वही दिली. धडधड कधी झाली, आदल्या संध्याकाळी काय खाल्लं-प्यालं, कधी झोपलात, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी वही उघडली: रविवार, परत रविवार, आणि एका लग्नानंतरचा सोमवार. वहिनींनीच बोट ठेवलं, "शनिवारी मळ्यावर बसता ना तुम्ही."

दादा उसळले. "पिताना काय होत न्हाई! उलट बरं वाटतं. दारूनं होत असतं तर तवाच झालं असतं की."

हा युक्तिवाद मी कितीदा ऐकलाय. आणि तो चुकतो तो इथेच: धडधड बऱ्याचदा दारू चढताना नाही, उतरताना येते. दारू मेंदूला गुंगवते, तेव्हा तोल राखायला शरीर जागं ठेवणारी यंत्रणा जोरात चालवू लागतं. दारू उतरते, तो जोर मात्र लगेच ओसरत नाही. झोप मोडते, घाम फुटतो, हृदय पळू लागतं. त्यात लघवीवाटे पाणी गेलेलं असतंच.

हिशेब कागदावर मांडला, व्यापाऱ्याला तो लगेच पटतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. यकृत तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निपटवतं. आठला बसलं की उतरायला पहाटेचे दोन ते साडेचार वाजणारच. दादा कागदाकडे बघत राहिले.

सुट्टीत, सणावारी भरपूर पिऊन हृदयाची लय बिघडलेले रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली नोंदवले आणि त्याला 'हॉलिडे हार्ट' नाव दिलं. साधा ईसीजी काही सेकंदांचा असतो, पहाटेचा चोर त्याला दुपारी सापडत नाही. म्हणून हॉल्टर, म्हणजे चोवीस तास ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला दादांना फिजिशियनकडे परत पाठवलं. काहींमध्ये ही धडधड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरणं, असतं. त्यात गुठळी होऊन अर्धांगवायूचा धोका असतो, त्यामुळे नुसतं 'टेन्शन' म्हणून सोडायचं नसतं. दादांच्या हॉल्टरवर जलद आणि मधूनच जादाचे ठोके दिसले, फिब्रिलेशन नव्हतं. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर येऊन पडलं, तर मात्र माझ्याकडे यायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

खरी गोष्ट पाचव्या भेटीत बाहेर आली, वहिनी बाहेर थांबल्या असताना. धडधडीची भीती वाटते म्हणून गेले दोन महिने रोज रात्री "झोपेपुरते" दोन पेग. म्हणजे जिच्यामुळे धडधड, तीच औषध म्हणून. "आजपासून बंद!" म्हणाले. मी थांबवलं. रोज पिणाऱ्यानं परस्पर एकदम सोडली तर काहींना पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, जिवावर बेतणं इथपर्यंत जातं. किती दिवस, किती घेता, सगळं डॉक्टरांना सांगा आणि ते सांगतील तसं थांबवा, म्हटलं. सांगायची लाज वाटत होती, मग चिठ्ठी मीच लिहून दिली.

भीतीचं काम उरलं ते आम्ही केलं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर ते दिवसातून पंधरादा बोटाला लावत. तो वहिनींच्या कपाटात गेला. धडधडलं की उठून बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, सोडणं घेण्यापेक्षा लांब, आणि वेळ वहीत लिहायची. पुढे वहीत एक नोंद दिसली: 'दारू नाही, तरी धडधड. चार कप चहा.' ती वाचून दोघंही हसलो.

शनिवारचं कोडं मात्र अवघड गेलं. मळ्यावर जायचं सोडलं तर मित्र सुटतात, गेलं तर ग्लास समोर. आता दादा लिंबू-सोडा घेऊन बसतात, नऊला उठतात. मित्र विचारतात, "माळ घातली का काय रं?"

"घातली समज," म्हणतात आणि मटणाचं ताट पुढे ओढतात.