जेलीफिनवर गाणी आणि कथाकथन लावताना
जेलीफिन म्हणजे स्वतःच्या संग्रहातील गाणी, चित्रपट वगैरे आपल्या उपकरणांवर पुरवणारा मीडिया सर्व्हर. त्यात गाणी आणि कथाकथन, कीर्तने, व्याख्याने यांच्यासाठी पहिल्यापासून स्वतंत्र लायब्ररी काढा, नाहीतर शफल लावल्यावर ठुमरीपाठोपाठ एखाद्या व्याख्यानाचा तिसरा भाग सुरू होतो.

संगीताच्या बाबतीत फोल्डरच्या नावांपेक्षा फाइलमधील टॅग (फाइलीतच साठवलेली शीर्षक, गायक, अल्बम यांची माहिती) महत्त्वाचे, कारण जेलीफिन अल्बम आणि कलाकार मुख्यतः त्यांवरूनच ओळखते. त्यातही ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा ठेवू नये. नाट्यगीतांच्या संकलनात दहा गायक असले आणि हा रकाना भरलेला नसला, तर एकाच अल्बमचे तुकडे होऊ शकतात. तिथे सर्व फाइलींत ‘विविध कलाकार’ लिहा आणि प्रत्यक्ष गायकाचे नाव ‘आर्टिस्ट’मध्ये राहू द्या. लिपीही आधीच ठरवा: ‘किशोरी आमोणकर’ हे नाव काही फाइलींत देवनागरीत आणि काहींत रोमन लिपीत असले, की सर्व्हरच्या लेखी त्या दोन गायिका होतात. एमपी३ फाइलींचे टॅग आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.३ किंवा २.४ आवृत्तीत साठवावेत. पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची सोयच नाही.

कथाकथनाला लेखक आणि त्याखाली शीर्षक एवढी फोल्डररचना पुरते. भागांना १ ऐवजी ०१ असे क्रमांक द्या. तासन्‌तास चालणारे ध्वनिमुद्रण प्रकरणांसह एकाच एम४बी (श्राव्य पुस्तकांसाठीचा प्रकार) फाइलमध्ये बसवता येते, आणि ऐकण्याची जागा लक्षात ठेवण्यासाठी माझ्या मते ऑडिओबुकशेल्फ हा श्राव्य पुस्तकांसाठीचा वेगळा सर्व्हर अधिक सोयीचे आहे.

म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग भरणाऱ्या प्रोग्रॅमने सुचवलेली नावे मात्र वाचल्याशिवाय जतन करू नका, आणि त्याआधी मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.