ठसा जुना, सुरा किती जुना?

प्रश्न : आज्याच्या संदुकीत कातडी म्यानातला शिकारी सुरा निघाला. पाते साडेसहा इंच. मुठीजवळ मुकुट, त्याच्या दोन्ही बाजूंना जी आणि आर ही इंग्रजी अक्षरे, खाली 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, इंग्लंड'. मूठ शिंगाची, एका बाजूला स्टार स्क्रू. गावातले जाणते दीडशे वर्षांचा सांगतात. खरे किती? चिंचेने घासून चमकवू का? – एक वाचक, ता. सिंदेवाही

उत्तर : चिंच आधी बाजूला ठेवा. आंबटाने गंजाबरोबर पात्यावरची काळसर झाक जाते आणि ठशाच्या कडाही खाल्ल्या जातात. संग्राहक पैसे मोजतो ते नेमके याच दोन गोष्टींचे. घासलेल्या सुऱ्याची किंमत परत येत नाही.

आता वय. जी-आर म्हणजे राजा जॉर्ज. पाचवा जॉर्ज 1910 ते 1936, सहावा 1936 ते 1952. चौथ्या जॉर्जचा काळ 1830 लाच संपला. 'इंग्लंड' हा शब्द इथे कामाचा आहे : आयात मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने 1890 मध्ये केला आणि त्यानंतर हा शब्द सर्रास दिसू लागला. दोन्ही खुणा जुळवल्या, तर ठसा खरा धरून सुरा 1910 नंतरचा. दीडशे वर्षे विसरा. उलटा तर्क मात्र करू नका. 'इंग्लंड' नसलेला सुरा 1890 च्या आधीचाच असतो असे नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालाला ती सक्ती नव्हती.

ठसा खरा का, हे तपासाच. या नावाची नक्कल पूर्वीपासून होत आली आहे. टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाका आणि भिंगातून पाहा. ठोकून उमटवलेल्या अक्षराचा तळ खोल असतो, काठाशी धातू किंचित उचललेला असतो. आम्लाने किंवा लेझरने काढलेले अक्षर उथळ असते. रॉजर्सच्या खऱ्या मालावर बहुधा चांदणी आणि माल्टीज क्रूसही (आठ टोकांचा क्रूस) सापडतो. सगळीकडे सारखाच तांबूस गंज दिसला तर संशय घ्या. खरा गंज जागोजागी वेगळा असतो, म्यानाच्या तोंडाशी जास्त.

स्टार स्क्रू तर 1930 च्या दशकातला शोध. तो नंतरच्या दुरुस्तीचा असेल, तर पाते जुने आणि मूठ उघडलेली, असे लिहून ठेवा. काढू नका. दुरुस्तीची खूण नसेल, तर मात्र सगळ्यात उशिराची वस्तूच वय ठरवते.

तांबडा गंज असेल तिथे शिलाई मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या कांबीने हलके खरवडा. पॉलिश पेपर नको. पाते म्यानात ठेवू नका : कातडे ओल धरते, कमावताना वापरलेली द्रव्ये पाते खातात आणि पितळेवर हिरवा थर येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे दोन महिन्यांत दिसते. तेलाचे सुती कापड गुंडाळून सुरा वेगळा ठेवा, म्यान वेगळे.

प्रश्न : आमच्या सुऱ्यावर ठसाच नाही. निरुपयोगी का? – एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : नाही. बहुधा लोहाराच्या हातचा आहे. पात्याची पाठ जाड आणि हलकी बाक असलेली, एखाद्या भोकाची खूण राहिलेली असेल, तर तो गाडीच्या कमानपट्ट्याचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा). म्हणजे बहुधा मोटारी आल्यानंतरचा. मुठीत लाख भरून पात्याची शेपूट (मुठीत जाणारा भाग) बसवली असेल तर ती देशी पद्धत. पाते आणि मूठ यांच्यामधल्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगचा मणी दिसला, तर काम अलीकडचे.

प्रश्न : शिंगाची मूठ असलेला सुरा विकता येतो का?

उत्तर : आधी मूठ ओळखा. सांबराच्या शिंगाला बाहेरून खडबडीत खाचा असतात आणि कापलेल्या टोकाला मधे जाळीदार भाग दिसतो. हाडाला बारीक काळे ठिपके, म्हशीच्या शिंगाला थर. म्हशीचे शिंग असेल तर चिंता नाही. सांबराचे असेल तर विक्रीचा विचार सोडा : 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशी मूठ असलेला सुरा 'अॅनिमल आर्टिकल', म्हणजे वन्यप्राण्याच्या अवयवाची वस्तू, ठरतो. बाळगण्याबद्दल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारा. पाते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असेल, तर शस्त्र परवान्याचाही प्रश्न येतो. मोजताना टोकापासून आडव्या पट्टीपर्यंत मोजा, मुठीसकट नव्हे.