मोबाईल होम पार्क घेण्याआधी होम इन्स्पेक्टर लावला की पुरतं का?

तुम्ही अमेरिकेत ओहायोत 38 लॉटचा, म्हणजे फॅक्टरीत बनवून आणलेली घरं ठेवायच्या 38 जागांचा पार्क बघताय आणि विचारताय की होम इन्स्पेक्टर (घर घेण्याआधी ते तपासून देणारा माणूस) पुरेल का. नाही पुरत, तिथेच तर आमचा घोळ झाला. बहुतेक घरं जागा भाड्याने घेणाऱ्यांच्या मालकीची असतात, तुम्ही घेता ती जमीन, रस्ते आणि जमिनीखालचे पाइप, त्यामुळे घरांचे पत्रे बघत दिवस घालवू नका. (पार्कच्या मालकीची घरं किती ते विचाराच, त्यांचं छप्पर गळलं की फोन तुम्हालाच येणार.)

आम्ही तिघांनी एक जुना पार्क घेतला, गवत कापलेलं, रस्ते बरे, सगळं छान. ड्रेनेजमध्ये कॅमेरा टाकायचे प्लंबरने जे पैसे सांगितले ते आम्हाला जास्त वाटले, म्हणून टाळलं. एप्रिलच्या पावसात एकदम पाच घरांची टॉयलेट्स तुंबली. खणलं तर ऑरेंजबर्ग पाइप, म्हणजे डांबर पाजलेला लाकडाचा लगदा, 1970 च्या सुमारापर्यंत सर्रास टाकायचे, वजनाने चपटे होतात. पहिल्या वर्षाचं भाडं त्यातच गेलं. तेव्हा मेन लाइन सगळी कॅमेऱ्याने बघा, अर्धी नाही.

पाणी शहराचं पण एकच मोठं मीटर असेल तर 12 महिन्यांची बिलं मागा आणि एकदा रात्री दोनला जाऊन मीटर बघा, सगळे झोपलेत आणि काटा पळतोय म्हणजे गळती. विहीर असेल तर 15 कनेक्शन किंवा 25 माणसं झाली की तुम्ही ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) हिशोबाने सार्वजनिक पाणीपुरवठा करणारे ठरता, पाण्याच्या टेस्ट नियमित कराव्या लागतात, जुने रिपोर्ट बघितल्याशिवाय सही करू नका. गॅसचं पण तसंच, एकच मीटर आणि पुढची लाइन पार्कची असेल तर पाइपलाइन सेफ्टीचे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे नियम तुमच्या गळ्यात. सांडपाण्याचं तळं असेल तर मी तरी लांब राहीन.

रिकाम्या लॉटवर नवीन घर आणता येईल का हे शहराकडून लेखी घ्या, जुने पार्क बरेचदा नुसत्या जुन्या परवानगीवर चालू असतात. फेमाचा (अमेरिकेच्या आपत्ती खात्याचा) पूर नकाशा फुकट आहे, घरी बसून बघा.

आणि हो, संध्याकाळी अंधार पडल्यावर एक चक्कर मारा. ब्रोकरने दिलेल्या भाड्याच्या यादीत 36 घरं भरलेली आणि दिवे 29 घरांत, तर दुसऱ्या दिवशी ब्रोकरला आधी तेच विचारा.